उलटा लिलाव

मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे, लिलावात टेबलावर आपटतात ती. रायपुरात उरला नावाच्या कारखान्यांच्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक खाजगी शाळा आहे. तिथल्या बाकाच्या मोडक्या पायातून सुताराने मला घडवलं, ते अपर्णा मेश्राम मॅडमच्या सांगण्यावरून. मॅडम अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायच्या, आणि पुस्तक नुसतं वाचून दाखवणं त्यांना पाप वाटायचं.

त्यांच्या तासाला वर्गाचा बाजार व्हायचा. पंख्याखालची जागा लिलावात निघायची, बोली चॉकलेटांची. गिऱ्हाईक वाढलं की भाव कसा चढतो, हे पोरं ओरडून ओरडून शिकायची. इतर तासांना पेंगणारी पोरंही इथे बाकावर चढून बोली लावत. शेवटचा ठोका माझा असायचा, त्यामुळे मलाही माज चढला होता, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत गाजला तो उलटा लिलाव. काम एक आणि करणारे पुष्कळ. वर्ग कोण झाडणार, किती चॉकलेटांत झाडणार? बोली उतरत उतरत गेली आणि एक पोट्टी म्हणाली, "मैडम, मैं फ्री में कर दूँगी, अपना टिफिन भी दे दूँगी."

वर्ग हसून लोटपोट झाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "पेट सबका है, काम एक है. इसीलिए कानून कहता है, मजदूरी इससे नीचे नहीं." हा धड्याचा दुसरा भाग.

त्या दिवशी शाळेचे सचिव दाराशी उभे होते. पहिला भाग त्यांना फार आवडला. दुसरा सुरू झाला तेव्हा ते फोनवर बोलत बोलत निघून गेले.

मॅडमची नोकरी कंत्राटी, दर एप्रिलात नवा करार. यंदा सचिवांनी बोलावलं तेव्हा ऑफिसात प्रशिक आधीच बसलेला होता. हा मॅडमचाच विद्यार्थी. रोलिंग मिलमध्ये त्याच्या बापाचा हात गेला, त्या वर्षी मॅडमनी त्याला आपल्या घरी ठेवून बारावी करवली होती. पुढे अर्थशास्त्रात एम.ए.सुद्धा त्यांच्याच पुस्तकांवर झालं.

सचिवांनी मला टेबलावर ठेवलं. "जगह एक है, आप दो हैं. मैडम, तरीका तो आपका ही है."

मॅडम उठून जातील असं मला वाटलं. पण नवरा नाही, मुलगी नर्सिंगला; बाई जाणार कुठे? त्यांनी आपला पगार कमी करून सांगितला. प्रशिकने मान खाली घालून त्याहून कमी सांगितला. त्या उतरल्या, तो उतरला. मग मॅडम गप्प बसल्या.

सचिव प्रशिककडे वळले. "और?"

तो उतरला.

"और?"

तो आणखी उतरला. तेव्हा कुठे सचिवांनी मला उचलून आपटलं.

व्हरांड्यात प्रशिक मॅडमच्या मागे धावला. "मॅडम, मले माफ करा. घरी बाबा बसून आहेत, मी काय करू?"

"माफी काहून मागून राहिला? मी तं कवाचीच थांबली होती." मॅडमचा आवाज वर्गातल्यासारखाच शांत होता. "त्याच्यानंतर दोनदा उतरला तू. कोणासंगं लढून राहिला होता?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो तिथेच पायरीवर बसला. मॅडमनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्या फाटकाबाहेर जाऊन ऑटोत बसल्या.

आता प्रशिक सर शिकवतात. उलटा लिलावही घेतात, पोरं तशीच हसतात. दुसरा भाग सर गाळतात, कारण कायद्याने घातलेल्या त्या रेषेच्या खालीच त्यांचा स्वतःचा पगार आहे.

पुढचा एप्रिल जवळ आला आहे आणि सचिवांनी अर्ज मागवले आहेत. मी वर्गाच्या कपाटात पडून असते. कपाटाला कुलूप नाही. शाळा झाडायला येणाऱ्या बाईंना माझं एवढंच मागणं आहे: बाई, मला पदराखाली लपवून घरी न्या आणि चुलीत घाला. निदान तुमचा चहा तरी होईल.