समुद्र अडवणारी भिंत

ऑर्कनी बेटाच्या किनाऱ्यावरची वाळू वादळाने ओढून नेली आणि इंगाच्या जवाच्या शेताकडेला फार पूर्वीच्या लोकांची दगडी घरं उघडी पडली. समुद्र अडला होता तो त्यांच्याच भिंतींनी. वारा पडताच तिचा थोरला दीर टॉर्फिन पहार घेऊन आला. त्याला गोठ्यासाठी दगड हवे होते.

"भाऊजी, ही भिंत काढलीत तर माझं शेत समुद्रात जाईल."

"तुझं? शेत माझ्या भावाचं. तो बुडाला तेव्हाच तू माहेरची वाट धरायला हवी होतीस."

इंगाने पहार धरली. त्याने तिच्या तोंडावर कोपर हाणलं, ती पडल्यावर पोटात लाथा घातल्या आणि पुन्हा भिंतीत पहार खुपसली. तिने हाताला लागलेला धोंडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलं. तो कोसळला तसा वरचा सैल झालेला दगड सुटून त्याच्या पंजावर आला.

"इंगा, काढ गं. हात जातोय माझा."

तिने पहार उचलली. ती त्याच्या डोक्यात घालावी असं तिला फार वाटलं.

"शेत कुणाचं?"

"तुझं. तुझंच गं."

मग तिने पहारेने दगड उचकटला. त्याची बोटं चेचली होती, ती पुढे कधीच वळली नाहीत. टॉर्फिन सरपटत घराकडे निघाला. इंगा रक्त थुंकली आणि पडलेला दगड ढकलत भिंतीकडे नेऊ लागली.