पोलादाच्या तारा

माशीच्या डोक्याएवढी गाठ – रेशमी तारेच्या टोकाला बाबांनी मारलेली – वेईछिंगच्या बोटांत मघापासून फिरत होती. काल बाबा दवाखान्यात गेले तेव्हा तिनं कूचिनवरच्या, त्या जुन्या चिनी तंतुवाद्यावरच्या, सातही रेशमी तारा उतरवल्या आणि पोलादाच्या चढवल्या... तालमीत पुन्हा एक तार तुटली होती. सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले होते, "बाई, रेशमाची हौस घरी पुरवा." सगळे हसले. तीही हसली होती – तेच सलत होतं.

अंगणात बाबा शिंगाडे सोलत बसले होते. जन्मभर सूचौ शहरात त्यांनी वाद्यांच्या तारांसाठी रेशीम पिळलं, सरसात उकळलं. आता बोटांचे सांधे सुजलेले, तरी या तारा त्यांनी हिवाळ्यात कण्हत कण्हत केल्या होत्या, तिच्या कार्यक्रमासाठी. पोलादाची तार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा म्हणाले होते, "कुंपणाला बांध. घेवडा तरी चढेल."

ती वाजवू लागली. रेशमावर बोट सरकलं की बारीक घासल्यासारखा आवाज येतो – लहानपणी ती त्याला खोट म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, श्वास आहे तो, माणूस वाजवतोय हे कळायला नको? – पोलादावर तो नव्हता. स्वर स्वच्छ, लांबवर जाणारा, कुणाचाच नसलेला. आता ओरडतील, आता टोपली आपटतील...

"छान लागलंय गं," बाबा म्हणाले. "एवढ्या दमट हवेतही सूर उतरत नाही. या खेपेचं रेशीम चांगलं निघालं."

"हो, बाबा."

म्हणजे ऐकू येत नाही? की येतंय, आणि ते तिला मोकळं करताहेत? विचारावं – पण विचारायचं म्हणजे तुमचे कान गेले हे त्यांना सांगायचं, नाहीतर तारा बदलल्याचं कबूल करायचं... तिनं मुद्दाम एक स्वर चुकवला, ढळढळीत. बाबांची सुरी थांबली. क्षणभरच. शिंगाडा निबर निघाला असावा, तसा त्यांनी तो उलटा केला आणि पुन्हा सोलू लागले.

"दमलीस तर चहा टाक," ते मान न वळवता म्हणाले.

कालपासून पकडलं जाण्याची भीती होती. ती आता नव्हती. हलकं वाटायला हवं होतं. पण आजवरचा प्रत्येक स्वर तिनं त्या रागावणाऱ्या कानांसाठीच लावला होता, आणि ते कान आता... ती वाजवत राहिली – आणि नको नको म्हणताना स्वतःचं वाजवणं तिला पहिल्यांदाच, एकटीला, ऐकू येऊ लागलं.