खळ दिलेली जीन

मित्रांनो, मी एक जुनी जीन पँट आहे. जुनी म्हटलं म्हणून मला वाईट वाटत नाही बरं का! उलट कडक इस्त्रीतल्या नव्या पँटी ऐटीत टांगलेल्या पाहिल्या की मला त्यांची कीवच येते. बिचाऱ्यांना अजून कुणाचा गुडघासुद्धा ठाऊक नसतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. जाड निळ्या सुताचं कापड, आणि खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेली तांब्याची रिबिटं. एका उंच, दाढीवाल्या पोरानं मला घेतलं आणि तो जग बघायला निघाला. त्याच्याबरोबर मी ट्रकच्या टपावर झोपले, नदीच्या वाळूत लोळले, झिजत झिजत मऊ झाले. गोव्याला जाता जाता तो साताऱ्यात उतरला. ऐन पौषातली थंडी, बिचारा कुडकुडत होता. स्टँडजवळ भाऊसो जुन्या-नव्या कपड्यांचा गाडा लावत. त्यांच्या खांद्यावरची घोंगडी त्यानं मागून घेतली, बदल्यात मला दिलं आणि चालू लागला. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही हो त्यानं! मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात रुसले होते.

भाऊसो गाड्याच्या पुढच्या बाजूला नव्या पँटी टांगत आणि "फॉरेन, फॉरेन!" म्हणून ओरडत. त्या फॉरेन पँटी पलीकडच्या बोळात शिवल्या जात, हे मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारतो? माझी जागा मागच्या दोरीवर, पोत्यांच्या आडोशाला.

एके दिवशी तिथं अर्जुना आला. हा माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. बाप वारला, दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा तो मुंबईच्या गोदीत हमालीला लागला. तिथं खलाशांच्या अंगावर त्यानं खरी जीन रोज पाहिली होती. आता तो सुट्टी काढून आला होता तो मुलगी बघायला. स्थळ कवठे महांकाळकडचं. याआधी 'पोरगा हमाल आहे' म्हणून त्याला नकार आले होते. हे स्थळ तरी जमावं, असं त्याला फार वाटत होतं.

भाऊसोंनी नवी पँट पुढं केली. अर्जुनानं ती उलटी करून शिवण पाहिली, बटण ओढून पाहिलं आणि परत दिली.

"आवं, ही हितलीच हाय. ती मागली दावा."

"आरं गड्या, ती लय जुनी. गुडघ्यात इरलीया बघ."

"वापरून वापरूनच असा रंग उतरतोय. ह्ये रिबिट बघा की, तांब्याचं. असली हाय ही!"

मित्रांनो, इतक्या दिवसांत मला कुणी असली म्हटलं नव्हतं. त्याच्या पिशवीत बसून गावाला जाताना मी फार सुखात होते.

घरी त्याच्या आईनं, हरणाबाईनं, मला हातात घेतलं मात्र, तिचा चेहरा पडला. "कुनाची उतरलेली इजार आणलीस रं ही? पार मेलीया."

"असली हाय, आई. अशीच असती."

"असंल बाबा," ती म्हणाली, पण तिच्या मनाला काही ते पटलं नाही.

त्या घराची रीत अशी, की नवी घोंगडी आली की तिला चिंचोक्यांची खळ द्यायची. भाजलेले चिंचोके कुटायचे, त्यांची चिकट पेज शिजवायची आणि कुंच्यानं घोंगडीला चोळायची. वाळली की घोंगडी ताठ होते, पावसाला दाद देत नाही. ताठ ते नवं आणि मऊ पडलं ते जुनं, असं हरणाबाईनं जन्मभर पाहिलेलं. अर्जुना गावात गेला तशी तिनं चूल पेटवली आणि आतून-बाहेरून मला खळ चोळली. "माज्या लेकाला कुनी हमाल म्हनाया नगं," असं पुटपुटत चोळत होती. मी बोंब ठोकली असती, पण पँटीला कुठलं आलंय तोंड!

संध्याकाळी वाळून ताठ झालेली मी भिंतीला टेकून एकटी उभी होते. अर्जुनानं माझ्याकडं पाहिलं, मग आईच्या खळीनं माखलेल्या हातांकडं पाहिलं. पहाटेची एसटी गाठायची होती, धुऊन वाळवायला वेळ नव्हता, आणि दुसरी धड पँटही नव्हती.

"झ्याक झालीया, आई," तो म्हणाला.

दहिवडीपासून कवठे महांकाळपर्यंत तो एसटीत उभाच राहिला. गाडी बदलली, जागा रिकामी झाली, तरी उभाच. कापड चुरगळू नये म्हणून पोरगा उभा आहे, असं हरणाबाईला वाटलं आणि तिला त्याचं कौतुकच वाटलं.

मुलीच्या बापाचं नाव धुळा. त्यानं अंगणात आपली चांगली घोंगडी अंथरली होती. "बसा पाव्हणं."

अर्जुना वाकू लागला, पण मी वाकेन तर शपथ! शिवण करकरली आणि तो पुन्हा सरळ झाला. "ऱ्हाऊ द्या, हुबाच बरा हाय."

आता त्या मुलखात अंथरलेल्या घोंगडीवर पाहुणा बसला नाही, तर त्याला सोयरीक नको आहे, असंच समजतात. धुळाचा चेहरा उतरला. "मुंबईचं पाव्हणं! आमच्या घोंगडीवर बसायला कमीपना वाटतुया जनू."

खरं काय ते अर्जुना एका शब्दात सांगू शकला असता. पण मग भरल्या अंगणात हसं झालं असतं ते त्याच्या आईचं. हेही स्थळ हातचं जाणार, हे त्याला दिसत होतं आणि मलाही. मला माझीच लाज वाटली.

इतक्यात मुलगी, बयाबाई, पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या मागं एक कोकरू. ते थेट माझ्याकडं आलं आणि माझा गुडघा चपाचपा चाटू लागलं. त्याला ओढायला बयाबाई वाकली, तिचं बोट माझ्यावर घासलं. तिनं बोटाचा वास घेतला. खळीचा वास तिला कोण सांगणार? त्याच वासात ती वाढलेली. तिनं अर्जुनाकडं पाहिलं, मग हरणाबाईच्या नखांत वाळलेल्या खळीकडं पाहिलं. आणि अख्खा तांब्या माझ्या गुडघ्यांवर ओतला!

"आगं ए बया! याड लागलं का तुला?" धुळा ओरडला.

"दादा, त्येस्नी बसायचंय, पर प्यांट वाकंना. खळ दिलीया तिला."

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. "म्याच दिली गं बाई. म्हटलं, लेक चार मानसांत उठून दिसावा."

"मंग त्यात काय झालं, आत्ती? म्याबी दिली असती," बयाबाई म्हणाली आणि दुसरा तांब्या आणायला आत गेली.

धुळा पोट धरधरून हसला. मी हळूहळू सैल झाले आणि अर्जुना ओलाचिंब होऊन घोंगडीवर चांगली मांडी घालून बसला. सोयरीक ठरली, गूळ तिथंच वाटला गेला.

किती सुंदर दिवस होते ते! जत्रेला मी, बारशाला मी. पुढं गुडघे फाटले, तेव्हा मला ट्रंकेत टाकलं आणि सगळे विसरून गेले. अंधारात मी फार रडले. मग एकदा बयाबाईनंच मला बाहेर काढून ठिगळं लावली.

परवा दोघं साताऱ्याला गेली, तेव्हा अर्जुनाच्या अंगावर मीच होते. भाऊसोंनी मला ओळखलं. "गड्या, दे ती हिकडं. आता कालेजातली पोरं असली जुनीच हुडकत्यात. हिच्या बदली दोन नव्या घे." अर्जुना घुटमळला. घरात पोरं वाढती, कपडा लागतोच. माझा जीव टांगणीला लागला.

"न्हाई द्यायची," बयाबाई म्हणाली. "हिच्या गुडघ्यावर म्या पानी वतलंय."

भाऊसोंना यातलं काही कळलं नाही.

तर मित्रांनो, जुनी जीन घ्यायला जाल तेव्हा शिवण बघा, रिबिट बघा, खुशाल पारखून घ्या. घरी आणल्यावर उलटी करून सावलीत वाळवा. तिला पुन्हा नवी करायला मात्र जाऊ नका. आणि घरातल्या कुणी मायेनं खळ दिलीच, तर रागावू नका हो. तांब्याभर पाणी आणा.