शिंपीकाकांची साखळी

पाणथळीच्या रखवालदाराला सगळे शिट्टीमामा म्हणत, कारण हा माणूस बोलायच्या आधी शिट्टी फुंकायचा. तिथे टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालायच्या, म्हणून कुत्रं आणायचं तर साखळीतच, असा नियम होता. नियम चांगलाच होता. मामांना मात्र नियमापेक्षा शिट्टी जास्त प्रिय.

त्या सकाळी शिंपीकाका आपल्या कुत्रीचा गळपट्टा धरून, कमरेत पार वाकून येताना दिसले. मामांनी शिट्टी मारली, तशी फिरायला आलेली दहाबारा माणसं थांबली. प्रेक्षक मिळाल्यावर मामांना चेव चढला.

"साखळी कुठंय?"

"अहो, ते मागचं फाटक..."

"फाटकाचं मला शिकवू नका! एवढं वय झालं, अक्कल कधी येणार? अंडी फुटली तर तुम्ही उबवणार का?"

लोक हसले. काकांचा चेहरा एवढासा झाला. निमूटपणे दंडाची पावती घेऊन ते तसेच वाकून बस थांब्याकडे गेले.

मामा ऐटीत फेरीला निघाले आणि मागच्या फाटकापाशी येऊन जागीच थबकले. त्याची कडी तुटून पंधरा दिवस झाले होते. आज करू, उद्या करू म्हणत मामा रोज वहीत 'सर्व ठीक' लिहीत होते. आज फाटक घट्ट बंद होतं, कुत्रीच्या साखळीने. बाहेर तीन भटकी कुत्री ताटकळत बसली होती, आत टिटवी अंड्यांवर.

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साखळी सोडावी तर फाटक उघडं पडणार, आणि जवळ साधा सुतळीचा तुकडा नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा कमरेचा पट्टा काढून फाटकाला आवळला आणि एका हाताने पॅन्ट सावरत, दुसऱ्या हातात साखळी घेऊन धावत सुटले.

थांब्यावर मघाचीच काही माणसं होती. काका अजून वाकलेलेच. कुत्री मोकळी म्हणून एका बसने त्यांना घेतलंच नव्हतं.

"काका, चुकलं माझं," मामा कसेबसे म्हणाले. "ती पावती द्या, फाडून टाकतो."

"कशाला? कुत्री साखळीत नव्हती, हे खरंच आहे."

काकांनी साखळी अडकवली आणि हळूहळू कंबर सरळ केली. मग त्यांची नजर मामांच्या मुठीत गोळा झालेल्या पॅन्टकडे गेली.

"दीड इंच सैल आहे. संध्याकाळी दुकानात आणा, आत घेऊन देतो."

त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या, असं मामांना वाटलं. त्यांनी माणसांकडे चोरून पाहिलं. या वेळी कोणीच हसत नव्हतं.