लांब पायांच्या मेंढ्या

थिर्झा हॉलिनबाई यॉर्कशायरच्या माळावर उभी राहून असं धुकं रंगवायची, की ओलं चित्र घरात आणलं की मांजर शिंकायचं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

लंडनच्या प्रदर्शनात मात्र तिचं चित्र दरसाल छताला भिडलेलं. नजरेसमोरच्या ओळीत पुरुष; बायका वर, कोळ्यांच्या शेजारी. कुणीतरी एकदा आपल्या चित्रापुढे थबकावं, एवढीच तिची जन्माची आस.

"वरच टांगणार ना मेले? मग खालून बघणाऱ्यासाठीच काढते," असं म्हणून त्या साली तिने मेंढ्यांना लांबलचक पाय दिले, डोंगर ताणले, आभाळ ओढलं. खालून मान वर केली की सगळं बेतात दिसावं.

आणि नेमकी त्याच साली प्रदर्शनाच्या मंडळींना उपरती झाली. चित्र थेट नजरेसमोर!

थिर्झा दारातच थिजली. चित्रापुढे हीऽऽ गर्दी, आणि सगळी खिदळतेय.

"मेंढ्या की बगळे हो हे?" एक उंच टोपीवाला म्हणाला.

"अहो, चला घरी," तिने नवऱ्याची बाही ओढली. नवरा म्हणजे एमॉस. माळावर पाऊस आला की तिच्यावर छत्री धरायची, एरवी गवतात लोळायचं, हा त्याचा जन्मभराचा उद्योग.

"थांब गं. एवढ्या लांब आलोय, बघू तर दे." गुडघे करकरवत तो चित्रापुढे चक्क जमिनीवर आडवा झाला.

"अहो! लोक बघतायत!"

"बघायलाच आलेत ना? अगं, हा तर आपला माळ! मी गवतातून बघायचो अगदी तस्सा. ये की."

काळ्या रेशमी झग्यानिशी थिर्झा त्याच्या शेजारी आडवी झाली. मेंढ्यांचे पाय आखडले. डोंगर जागेवर बसला.

"जमलंय का हो?" तिने हळूच विचारलं.

"छत्री आणायला हवी होती," एमॉस आभाळाकडे बघत म्हणाला.

टोपीवाला कुतूहलाने वाकला, बसला, मग टोपी उशाला घेऊन निजलाच. संध्याकाळपर्यंत अख्खं दालन पाठीवर. हसण्याचं नाव नाही. एक सरदारीणबाई तर म्हणे गालावरचे थेंब पुसत होती.

शेवटी शिडी घेऊन माणसं आली. "बाई, चित्र वर लावू का?"

"हळू बोला," थिर्झा म्हणाली. "यांचा आत्ताच डोळा लागलाय."