आतून ओलं

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरची खोली तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे होती, आणि तिथे प्लास्टरताईंचं राज्य होतं. वरचे डॉक्टर फोटो बघून काय ते ठरवायचे, पण मोडलेला हात किंवा पाय शेवटी यायचा तो ताईंच्या टेबलावरच. आधी कापसाची गुंडाळी. मग पांढरा रोल बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबले की अलगद पिळायचा आणि फिरवत फिरवत चढवायचा. बोटांनी दाबायचं नाही, नुसत्या तळव्याने चोळायचं, नाहीतर खळगे पडतात आणि आत कातडीला टोचत राहतात. हे सगळं चालू असताना ताईंचं तोंड हातांच्याही पुढे धावायचं. रडणाऱ्या पोरांना समजावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरं भोकाड पसरून आत यायची आणि ऐटीत बाहेर पडायची, कारण आता शाळेत मिरवायला काहीतरी होतं.

अशा बाईच्या घरात जखम आली, तीही अशी की जिला दाखवायला काहीच नव्हतं.

ताईंचा थोरला मुलगा शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. सरावात बॉल अडवायला झेपावला आणि बॉलच्या आधी गोलचा खांबच त्याच्या डोक्याला येऊन भेटला. रक्त नाही, टेंगूळही बेताचंच. उठून उभा राहिला आणि कोचना म्हणाला, "सर, मॅच कधी सुरू होणार?" त्या दिवशी मॅच नव्हतीच.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले, आणि फोटोत काही सापडलं नाही. "मेंदूला हादरा बसलाय," ते म्हणाले. "फोटोत दिसत नाही, म्हणजे काही झालं नाही असं समजू नका. आधी आराम, कमी उजेड, कमी आवाज. मग हळूहळू शाळा. मैदान सगळ्यात शेवटी, आणि तेही मी तपासून हो म्हटल्यावरच. हे बरं व्हायच्या आत डोक्याला दुसरा मार बसला, तर फार वाईट होऊ शकतं." ताईंनी ते दोनदा विचारून घेतलं आणि मुलाला घरी आणलं.

घरी दोघं वाट बघत होते. एक ताईंचा नवरा, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारा. त्याच्या लेखी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या, चालू आणि बंद. मुलगा स्वतःच्या पायांनी दारातून आत आलेला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि प्रकरण त्याच्यापुरतं मिटलं. दुसरी धाकटी लेक. तिच्या प्रश्नांची भुणभुण झोपेतसुद्धा थांबायची नाही, म्हणून घरात तिला सगळे भुंगी म्हणायचे. ती दादाभोवती एक फेरी मारून आली, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, आणि म्हणाली, "प्लास्टर कुठंय?"

"डोक्याला प्लास्टर नसतं घालत, बाळा."

"मग पट्टी?"

"पट्टीपण नाही."

ताई सरसावून बसल्या. समजावणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. कवटी म्हणजे काय, मेंदू म्हणजे काय, हादरा म्हणजे काय, सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. भुंगीने मान हलवत ऐकून घेतलं.

"म्हणजे फुटलाय का तो?"

"नाही."

"मोडलाय?"

"नाही गं."

"मग बराय की तो!" असं म्हणून भुंगी खेळायला निघून गेली.

पण खेळणार कुठे? घरातले पडदे ओढलेले, टीव्हीवर चादर, दोरीच्या उड्यांना बंदी, गाण्यांना बंदी. दादा दिवसभर अंधारात आडवा, अभ्यास नाही, शाळा नाही, वर आई त्याच्याशी कुजबुजत बोलणार. तिने नुसता चमचा पाडला तरी तो अंगावर धावून यायचा. त्याने सायकल शिकवायचं कबूल केलं होतं, ते तर तो साफ विसरला. "मी कधी म्हणालो?" असं त्याने तिच्या तोंडावर विचारलं. भुंगीचा अगदी संताप झाला. "नाटक करतोय," तिने जाहीर करून टाकलं. "गणिताचा पेपर आहे ना, म्हणून."

त्या संध्याकाळी ताईंनी कपाटातून प्लास्टरचा एक रोल काढला. तारीख उलटलेले रोल त्या मुलांना चित्रकलेच्या तासासाठी घरी आणायच्या. भुंगीच्या बाहुलीच्या पायाला आधी कापूस, मग प्लास्टर, असं सगळं रीतसर केलं. भुंगीने रोल स्वतः बुडवला, पिळला आणि तळव्याने चोळला. थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "वाजवून बघ."

भुंगीने टकटक केलं. "झालं कडक."

"वरून झालंय. आता हात ठेवून बघ."

"गार लागतंय."

"गार लागतं, कारण आत अजून ओलं आहे. लोकांना वाटतं झालं, लगेच पाय टेकतात. मग आतून चीर जाते आणि वरून कोणाला कळतसुद्धा नाही. दादाचं डोकं आत्ता तसंच आहे, भुंगे. वरून छान, आतून ओलं."

"पण डोकं तर गार नाही लागत. मग कसं कळणार?"

"त्याला उजेड नको होतो, आवाज झाला की तो डोळे घट्ट मिटतो, तुझ्यावर उगाच चिडतो, काहीतरी विसरतो. तसं झालं की समजायचं, अजून ओलं आहे. तो मुद्दाम नाही करत."

भुंगीने बाहुली उचलली आणि तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिली. ताईंनी मनातल्या मनात हात टेकले. दवाखान्यातली सगळी पोरं समजावून झाली, आणि पोटची पोरगी काही समजेना.

भुंगी लहान तरी होती. मोठ्यांचं काय? वरच्या मजल्यावरच्या काकू भेटायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "दिसतोय तर चांगला ठणठणीत!" त्यांचा भाचा म्हणे जिन्यावरून गडगडला होता आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर फिरत होता. एवढं सांगून त्या वर गेल्या आणि खुर्च्या सरकवत बसल्या. नवऱ्याने दुरुस्तीचा मिक्सर घरी आणून लावून बघितला. "अगं, एकच मिनिट," तो म्हणाला. त्या एका मिनिटात आत मुलगा उशीखाली डोकं खुपसून रडत होता.

तेव्हा ताईंचा तोल सुटला. त्यांनी एक पट्टी घेतली आणि मुलाच्या डोक्याभोवती गुंडाळली, सुबक आणि ठसठशीत, खालच्या रस्त्यावरूनही दिसेल अशी. उगाच कसल्या पट्ट्या बांधून येणाऱ्या पेशंटना त्या खोलीत उभं करून झापायच्या, "हा काय देखावा मांडलाय?" आता तोच देखावा त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला होता, आणि त्यांना त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

पट्टीने जादू केली. काकू पट्टी पाहून मटकन खाली बसल्या, "अगं बाई, एवढं लागलंय?" म्हणाल्या, आणि वर जाऊन खुर्च्यांच्या पायांना रबर लावून मोकळ्या झाल्या. नवरा घरात चवड्यांवर चालू लागला. कोच सफरचंदं घेऊन आले आणि पट्टीकडे बघायचं टाळत, खालमानेने म्हणाले, "ताई, मॅच काय, पुढच्या वर्षीही असतात." डॉक्टरांच्या शब्दाला जो मान मिळाला नव्हता, तो हातभर कापडाला मिळाला.

एकट्या भुंगीवर पट्टीचा काही परिणाम झाला नाही. "आई, हिच्याने आतलं लवकर सुकतं?"

"नाही."

"मग ही कोणासाठी आहे?"

"लोकांसाठी."

"बरं," भुंगी म्हणाली, आणि चमचा खाली पडू न देता ताटलीत ठेवला.

पण पट्टी आज ना उद्या निघणारच होती. तिच्याखाली खाज सुटायची, डोकं आवळल्यासारखं व्हायचं. ताईंनी ती सोडली, आणि सोडताक्षणी मुलगा सगळ्यांच्या लेखी बरा झाला. काकूंच्या खुर्च्यांचे रबर गळाले. मिक्सर परत घरी आला. "आता काय, पट्टी सुटली की!" नवरा म्हणाला. कोचचा फोन आला, "अभिनंदन, ताई!" मागोमाग कळलं, की अंतिम सामना तोंडावर आलाय आणि दुसरा गोलकीपर बॉल पाहिला की बाजूला होतो.

ताईंची पंचाईत झाली. ती पट्टी कशाचीच नव्हती, हे आता सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि खरं सांगायचं तर त्या स्वतःही थोड्या फसल्या होत्या. आयुष्यभर करवतीने प्लास्टर कापून "जा, सुटलात!" म्हणायची जिभेला सवय. सुटलं म्हणजे जुळलं, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. मुलगाही म्हणत होता, "आई, काही दुखत नाही गं आता. शपथ." डॉक्टरांची तपासणी सामन्यानंतर होती.

"नुसता बाकावर बसेल," कोच म्हणाले. "पोरांना धीर येतो हो, तो दिसला की."

"नुसता बाकावरच ना!" नवरा म्हणाला.

"बाकावरच," मुलगा म्हणाला.

बाक मैदानाला लागूनच असतो आणि हाक मारली की त्यावरून उठता येतं, हे ताईंना दिसत होतं. पण तीन तोंडांपुढे एक तोंड, तेही दमलेलं. त्यांनी मान डोलावली. टेबलाखाली बाहुली घेऊन बसलेल्या भुंगीने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही, आणि ताईंना तेवढंच बरं वाटलं.

सामन्याच्या सकाळी कोचची गाडी खाली येऊन थांबली. मुलगा जर्सी घालून तयार. बूट मात्र सापडेनात. दाराशी नाहीत, पलंगाखाली नाहीत. नवरा शोधत शोधत न्हाणीघरात गेला आणि तिथून त्याची हाक आली, "अगं, हे बघ काय!"

बादलीच्या काठाला पांढरा राप चढला होता. बाजूला फरशीवर वर्तमानपत्राच्या कागदावर मुलाचे दोन्ही बूट पडले होते, एकमेकांना चिकटवून एकाच प्लास्टरमध्ये घातलेले, तोंडंसुद्धा बंद. वर रंगाच्या पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "वजन टाकू नये." हे वाक्य दवाखान्यात ताईंच्या खोलीत भिंतीवर होतं.

एव्हाना कोचही वर आले होते. बूट पाहून नवऱ्याला असं हसू फुटलं, की न्हाणीघर घुमलं. कोचही खो खो हसले. "अरे, काय पोरगी आहे! काही काळजी करू नका, गाडीत दुसरे बूट आहेत." त्यांनी खिडकीतून खाली ओरडून ड्रायव्हरला ते बूट काढून ठेवायला सांगितलं आणि त्याने लांबलचक हॉर्न दिला.

ताई हसल्या नाहीत. त्या वाकून बुटांकडे बघत होत्या, कारण डोळ्यांना तीच सवय होती. आधी कापूस लावला होता, भरपूर. कडा आत दुमडल्या होत्या. बोटाचा एकही खळगा नव्हता, सगळं तळव्याने चोळलेलं. इतकं नीट काम त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ मुलींनाही जमत नसे. त्यांनी हात ठेवला. गार लागलं.

भुंगी दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पांढरे. ती आईकडे बघत नव्हती, बाबांकडेही नव्हती.

"आई," ती म्हणाली, "दादाकडे बघ ना."

ताईंनी वळून पाहिलं. मुलगा भिंतीला टेकला होता. हॉर्न थांबला होता, हसणं थांबलं होतं, तरी त्याचे डोळे घट्ट मिटलेलेच होते, आणि एक हात चौकट धरून होता. पट्टी सुटल्यापासून सगळ्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं होतं. ताईंनीही. चेहऱ्याकडे पाहिलं होतं ते फक्त एका जणीने.

"सर," ताई म्हणाल्या, "तो येणार नाही."

"अहो ताई, नुसता बाकावर..."

"बाकावरही नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही."

"पण पट्टी तर सुटली ना?"

"ती पट्टी खोटी होती, सर. मीच बांधली होती. तुम्हाला पटावं म्हणून."

कोचनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ते जिन्याकडे वळले. नवऱ्याने मान खाली घातली आणि, देव जाणे का, बादली उचलून धुवायला घेतली. पण नळ सोडताना त्याने बादली तिरकी करून धार तिच्या आतल्या कडेवर धरली, आवाज होऊ नये म्हणून.

मुलगा तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. "मला आवाज नाही गं सहन होत, आई. पण सगळे म्हणायला लागले बरा झालो, मग मला वाटलं, झालोच असेन." ताईंनी त्याला पोटाशी धरलं. त्यांना स्वतःचा राग आला होता आणि पोराचा कळवळा.

कोचची गाडी हॉर्न न देता निघून गेली.

पुष्कळ वेळाने ताईंनी भुंगीचे हात धुतले. नखांतलं प्लास्टर निघता निघत नव्हतं.

"तुला सगळं कळलं होतं?"

"हो. बाहुलीच्या वेळीच."

"मग वेडे, मला येऊन सांगायचं ना! बूट कशाला प्लास्टरमध्ये घालून ठेवलेस?"

भुंगीने आईकडे अगदी समजूतदारपणे पाहिलं. दवाखान्यात ताई पेशंटकडे बघायच्या, तसं.

"तुला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू मला परत समजावत बसली असतीस."