गोगलगाय धावत नव्हती

एक ग्लोब. निळ्या समुद्रात अंगठा मावेल एवढा पोचा. भूगोलाच्या खोलीतल्या कपाटावर, पोचा भिंतीकडे करून ठेवलेला.

शिक्षकांच्या खोलीतलं लांब टेबल. त्यावर ब्लेडच्या चिरा, सगळ्या एकाच लांबीच्या.

अर्धवट शिवलेला गणवेशाचा फ्रॉक. खालची दुमड दोन बोटं जास्तीची, पोरगी वर्षभरात उंच होईल म्हणून.

चौकशी अहवालातलं एक वाक्य: विद्यार्थिनी जिन्यावरून धावत असताना तोल जाऊन पडली.

एक टोपणनाव: गोगलगाय.

हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सुरुवात नावापासूनच करायला हवी. अख्खी शाळा तिला गोगलगाय म्हणायची आणि तीही हाकेला ओ द्यायची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की वर्ग रिकामा व्हायचा, आणि ही अजून कंपासपेटीचं झाकण नीट बसलंय का ते बघत असायची. त्या दिवशी सरांनी तिला वरच्या मजल्यावरून ग्लोब आणायला पाठवलं. दोन्ही हातांत ग्लोब धरून ती मागच्या जिन्याने उतरत होती. वळणावर दम खायला कठड्याला टेकली, आणि कठडा तिच्यासकट गेला.

मग चौकशीवाले आले. मोठ्या बाईंच्या खोलीत बसले, चहा प्याले, जिन्यावर जाऊन कठडा हलवून पाहिला. कठडा भक्कम होता. म्हणून त्यांनी ‘धावत’ हा शब्द लिहिला आणि गेले.

तिच्या बाकावरची दुसरी मुलगी शाळेच्या वार्षिक अंकाची संपादक होती. वर्ग तिला संपादकबाई म्हणून चिडवायचा. तिच्या रोजच्या रस्त्यावर, शाळेच्या फाटकासमोर, गोगलगायीच्या आईचं शिवणाचं दुकान होतं. शाळेतल्या निम्म्याअधिक पोरांचे गणवेश तिथलेच.

“छापणार ना गं?” मशीनवरून मान वर न करता काकू विचारायच्या.

“छापणार, काकू.”

“फार काही लिहू नकोस. ती धावत नव्हती, एवढंच लिही. गेली ती गेली, पण यांनी माझ्या लेकीच्या माथी तिचाच दोष मारून ठेवलाय.”

संपादकबाईने लेख लिहिला. कठडा महिनाभर हलत होता, कार्यालयात दोनदा सांगून झालं होतं, हातात ग्लोब असताना कुणाला धावता येत नाही, आणि हिला तर रिकाम्या हातांनीही कधी येत नव्हतं. भाषेच्या बाईंनी लेख वाचला, लाल पेनाने दोन विशेषणं काढली आणि खाली सही केली. अंक छापून आला. वाटपाच्या आदल्या दुपारी मोठ्या बाईंनी तो चाळला आणि सातव्या पानावर थांबल्या.

त्या दुपारी संपादकबाईने शिक्षकांच्या खोलीत डोकावून पाहिलं. टेबलाभोवती सगळे बसले होते, भाजी निवडायला बसावं तसे. पट्टी ठेवायची, ब्लेड ओढायचं, पान खाली टाकायचं. भाषेच्या बाई दाराशी आल्या.

“बाई, सही तुमचीच आहे त्यावर.”

“माझीच आहे.”

“मग?”

“मग आता कापतेय. आधी ते काम होतं, आता हे आहे. घरी जा बाळा.”

इथे पान सात आणि पान आठ होतं.

कापणारी माणसं शिकलेली होती, पण अंक कधी कुणी बांधला नव्हता. अंक मधोमध पिनांनी टाचलेला. त्यात दोन-दोन पानं एकाच लांब कागदाची असतात: एक पुढच्या भागात, एक मागच्या. पुढचं पान पिनेजवळून कापलं, की मागच्याला धरायला काही उरत नाही. आणि लेखाच्या कागदाचं दुसरं टोक म्हणजे श्रद्धांजलीचं पान. एका बाजूला गोगलगायीचा फोटो, ओळखपत्रावरून मोठा केलेला, जरासा फुटलेला. दुसरी बाजू कोरी, फक्त वर बारीक अक्षरात ‘मित्रमैत्रिणींच्या सह्या’.

अंक वाटले, आणि ती गळायला लागली.

पहिल्यांदा प्रार्थनेच्या रांगेत, कुणाच्या तरी पायांशी. मग बाकाखाली. मग नळापाशी, ओल्या फरशीला चिकटलेली. शिपाईमामांना तिच्यावरून फडका फिरवायचा धीर झाला नाही, त्यांनी तिला अलगद सोडवून खिडकीत वाळत ठेवलं. पंखा लावला की ती दोन बाकं पुढे सरकायची. कपाट उघडलं की आतून बघायची. लहान वर्गातली पोरं एकेकटी पाणी प्यायला जाईनाशी झाली.

“जिवंतपणी कधी वेळेवर वर्गात आली नाही,” मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला, “आता सगळ्यांच्या आधी येऊन बसते.”

कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले, आणि लंबूने बाकावर डोकं ठेवलं.

स्पीकरवरून सूचना झाली: सुटी पानं तत्काळ वर्गशिक्षकांकडे जमा करावीत. एकही पान जमा झालं नाही. ती संपादकबाईकडे यायला लागली. दप्तरात, डब्याखाली, सायकलच्या टोपलीत. फोटो वर. उलटून पाहिलं तर सह्यांच्या जागी भलतंच.

मी तिच्या मागे होतो. ती इतकी हळू उतरत होती की मी तिला शिवी दिली आणि पुढे गेलो. हे अक्षर लंबूचं होतं.

कठडा हलायचा. आम्ही मुद्दाम हलवून बघायचो.

गोगलगाय धावेल कशी?

तिने मला विचारलं होतं, ग्लोब वरून धरू की खालून.

आणि एका पानावर, सही नसलेलं, लाल पेनाने: मी खिडकीतून पाहिलं. चालत होती.

शनिवारी शाळा लवकर सुटली. संपादकबाईने सगळा गठ्ठा दुकानात नेऊन काकूंच्या समोर ठेवला. काकूंनी गळ्यातली टेप काढली नाही. एकेक पान वाचलं, उलटून फोटो पाहिला, पुढचं घेतलं. लाल अक्षरापाशी थांबल्या, पुन्हा वाचलं. रडल्या नाहीत.

“हीसुद्धा कापतील?”

“सापडली तर कापतील.”

काकूंनी मशीनची सुई बदलली, दप्तरं शिवायची जाड सुई घातली. गठ्ठ्याच्या कडा ठोकून सारख्या केल्या आणि दाब्याखाली सरकवल्या. मशीन कुरकुरलं, अडलं, मग चाललं. पांढऱ्या दोऱ्याची एक शिवण, वरपासून खालपर्यंत, आणि परत दुसरी.

“आता एक पान काढायचं तर सगळं उसवावं लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि माझी शिवण त्या शाळेत अजून कुणाची उसवली नाही.”

तो शिवलेला अंक दुकानातल्या मापाच्या टेबलावर राहिला. सोमवारी शिपाईमामा आले, चपला बाहेर काढून उभे राहिले.

“वहिनी, मोठ्या बाईंनी ते मागवलंय.”

“वाचायला?”

“तसं काही बोलल्या नाहीत.”

“मग त्यांना म्हणावं, इथे या. स्टूल आहे, उजेड आहे. तुम्ही बसा की, तुम्ही वाचलंय का?”

शिपाईमामा बसले. निरोप घेऊन परत जायला त्यांना बराच उशीर झाला. मोठ्या बाई काही आल्या नाहीत. अहवालातला शब्द अहवालातच राहिला.

पण मागच्या जिन्यावर आता कुणी कुणाला ओलांडत नाही. सुट्टीची घंटा होते, वरचे वर्ग सुटतात, आणि सगळी शाळा एकामागे एक, पाय सांभाळत उतरते, जणू सगळ्यांच्या पुढे कुणीतरी दोन्ही हातांत काहीतरी धरून चाललंय. वळणावर संपादकबाई भिंतीकडे सरकते. कठड्याकडची बाजू ती मोकळी सोडते.

कठड्याला नवे बोल्ट बसवले ते चौकशीवाले येण्याच्या आदल्या दिवशी.